सड्यावरची हवा

रत्नागिरीहून नाट्याला जायचं तर पन्नासएक किलोमीटरची वाट आहे. मुख्य रस्ता सोडला नाही तर ती सगळी डांबरी. पण सायकल घेऊन मी जाते ती वाड्यांमधून, सड्यांवरून, समुद्र दिसेल अशा कडेकडेनं. त्यामुळे माझ्या वाटेचा चौथा हिस्सा कच्चा असतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा निघाले तेव्हा टायर निवडताना मी उरलेल्या तीन हिश्शांचाच विचार केला होता. २८ मिलिमीटर रुंदीचे, गुळगुळीत टायर, त्यात ९० पीएसआय हवा. पावसपर्यंत, पूर्णगडपर्यंत, अगदी आडिवऱ्यापर्यंत ते झकास चालले. नाट्याच्या पुढं सड्यावर चढले आणि तासाभरात दोन ट्यूब फुटल्या.

नाटे राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या उत्तर काठावर आहे. खाडीलगत यशवंतगड, पलीकडे जैतापूर, त्याच्या पुढं माडबन. अलीकडे आंबोळगड आणि मुसाकाजीचा किनारा. कोकणाबाहेरच्या अनेकांनी नाटे हे नाव प्रथम ऐकलं ते अणुऊर्जा प्रकल्पाच्या बातम्यांत. २०११ साली नाटे आणि साखरीनाटे ही दोन्ही नावं वर्तमानपत्रांत सारखी येत होती. त्याच्या कितीतरी आधी ही खाडी राजापूरच्या व्यापाराचं दार होती. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, त्या काळात इथला माल पाण्यावरून हलायचा. जमिनीवरून हलवणं सोपं नव्हतंच. खाडी, चढ, सडा, उतार आणि पुन्हा खाडी अशी या किनाऱ्याची ठेवण आहे, आणि सायकलवाल्याला आजही ती तशीच भेटते.

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून सड्याबद्दल जरा सविस्तर सांगते. टायरचा सगळा प्रश्न त्या सड्यातच आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. लाखो पावसाळ्यांनी मूळच्या दगडातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोह, ॲल्युमिनियम यांची संयुगं मागं राहिली. म्हणून जांभा तांबडा आणि सच्छिद्र. खाणीतून काढला की मऊ असतो, करवतीनं कापता येतो. वारा-ऊन लागलं की कडक होतो. आपल्या घरांचे चिरे तेच. त्याच जांभ्याच्या वरच्या थरातून वाटाण्याएवढ्या, हरभऱ्याएवढ्या गोल गोळ्या सुट्या होतात आणि वाटेवर पसरतात. खाली कातळ घट्ट, वर गोळ्या सैल. फरशीवर शाबुदाणा सांडावा आणि त्यावरून चालावं, तसं सायकलच्या चाकाचं होतं. देशावरच्या मुरमाच्या रस्त्यात टायरच्या गुट्ट्या रुततात आणि पकड मिळते. इथं रुतायला खाली काही नाहीच.

त्या पहिल्या दिवशी आंबोळगडच्या रस्त्यावरून एका कच्च्या वाटेला वळले. उतारावर कातळाची एक धार वर आलेली होती. ती पुढच्या चाकानं ओलांडली, मागच्यानं नाही. रिमनं ट्यूब कातळावर चेचली. ट्यूब काढून पाहिली तर शेजारीशेजारी दोन चिरा, सापाच्या दातांच्या खुणांसारख्या. काटा टोचला तर भोक एकच पडतं. दोन चिरा दिसल्या तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिरडली गेली असं समजायचं. टायर अरुंद असला की रिम आणि जमीन यांच्यात अंतरच थोडं राहतं, आणि ते भरून काढायला आपण हवा जास्त भरतो. हवा जास्त भरली की चाक प्रत्येक दगडावरून उडतं आणि पुढच्या दगडावर आपटतं. बरोबर घेतलेली ट्यूब बदलली. दोन किलोमीटरवर तीही गेली, तशीच. मग सायकल हातात धरून उन्हातून साखरीनाट्याला आले.

बंदराच्या रस्त्याला पंक्चरचं एक लहानसं दुकान आहे. तिथले चाचा जाळ्याची दोरी वळत बसले होते. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग चाकाकडे पाहिलं. “ट्यूब कितीची?” मी म्हटलं, अठ्ठावीसची. त्यांनी खुंटीवरची अठ्ठावीसची ट्यूब काढली, माझ्या रिमला लावून पाहिली आणि मान हलवली. “तुमचा अठ्ठावीस वेगळा, आमचा अठ्ठावीस वेगळा, बेटी.”

हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितलं आहे, कारण त्यात टायर निवडण्याचा पहिला धडा आहे. टायरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला इंचाचा आकडा फसवा असतो. आपल्याकडच्या जुन्या काळ्या दणकट सायकलींचा टायर २८ गुणिले दीड. तो रिमवर जिथं बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. गिअरच्या सायकलींचा, ज्याला सातशे-सी म्हणतात आणि पुष्कळदा अठ्ठावीसही म्हणतात, त्याचा व्यास ६२२ मिलिमीटर. फरक १३ मिलिमीटरचा. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणार नाही. सव्वीसचं तर आणखी अवघड आहे. माउंटन सायकलचा सव्वीस ५५९ मिलिमीटरचा, आणि २६ गुणिले एक तीन-अष्टमांश असं लिहिलेला सव्वीस ५९० चा. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ४२-६२२ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. दुकानात गेलात तर ते दोन आकडे बोला, इंच बोलू नका.

चाचांनी फुटलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, दोन्ही चिरा कानशीनं घासल्या, सोल्यूशन लावलं, ते पुरतं सुकू दिलं आणि मगच ठिगळ दाबलं. घाई केली नाही. ठिगळं सुटतात ती सोल्यूशन ओलं असताना लावली म्हणूनच. मग हवा भरायची वेळ आली आणि दुसरा धडा मिळाला. माझ्या ट्यूबला बारीक, लांब, टोकाला पितळी स्क्रू असलेला वाल होता. चाचांच्या उभ्या पंपाची नळी जुन्या सायकलच्या वालाची. शेजारच्या मोटारसायकलच्या गॅरेजात कॉम्प्रेसर होता, त्याची नळी मोटारसायकलच्या जाड वालाची. दोन्ही माझ्या कामाची नाहीत. मधे लावायची एक पितळी टोपी मिळते, सुपारीच्या खांडाएवढी. ती असती तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. ती नव्हती, म्हणून माझ्या वीतभर पंपानं हवा भरत राहिले. घाम गाळून निम्मीच भरली गेली आणि त्या निम्म्या हवेवर मी जपून परत निघाले.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट लक्षात आली. हवा कमी होती तरी सायकल सकाळपेक्षा बरी चालत होती. आडिवऱ्याच्या अलीकडे रस्त्याची चाळण झाली होती, तिथं सकाळी माझे दात वाजले होते. संध्याकाळी तीच चाळण सुसह्य झाली. वेगही फारसा घटला नव्हता. ट्यूब पुन्हा चिरडेल या भीतीनं मी खड्डे चुकवत होते एवढंच. म्हणजे कमी हवा मला हवी होती, पण अरुंद टायरात ती चालवता येत नव्हती. रुंद टायर घ्यायला हवा, हे त्या संध्याकाळी ठरलं.

या जानेवारीत पुन्हा गेले. यावेळी टायर ४२ मिलिमीटरचे, मधे जवळजवळ गुळगुळीत, कडांना बारीक गुट्ट्यांची ओळ असलेले. पहाटे भाट्याच्या पुलावर काजळी नदीवरचं धुकं होतं. पूल ओलांडला की नारळ संशोधन केंद्राच्या बागा, समुद्राचा आवाज, आणि मग फणसोप-गोळपचा चढ. चढावर रुंद टायर जड पडेल असं सगळे सांगतात. माझ्या दोन टायरचं मिळून वजन आधीच्यांपेक्षा चार-पाचशे ग्रॅम जास्त आहे, म्हणजे अर्धा लिटर पाण्याएवढं. मी, सायकल आणि सामान मिळून ७८ किलो. त्यात अर्धा किलो वाढला तर चढावर तो जाणवतो असं मनापासून म्हणता येणार नाही. टायर अवाढव्य गुट्ट्यांचा असेल तर मात्र जाणवतो. डांबरावर त्या गुट्ट्या वाकतात, घुरघुरतात आणि पायातलं बळ खातात.

गोळपच्या सड्यावर उजाडलं. आंब्याला मोहोर आलेला, त्याचा वास रस्त्यावर थबकून होता. इथून पावसपर्यंत रस्ता चांगला आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराबाहेर चहा घेताना शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. “काय वो ताई, हवा भरायला विसरलाव काय? जाड चाक, त्यात हवा कमी. दमायला होत नाय?” त्यांना मी जे सांगितलं तेच इथं लिहिते.

माझ्या मागच्या चाकावर साधारण ४५ किलो भार येतो. टायरातली हवा तो भार पेलते. ९० पीएसआय हवेला त्यासाठी जमिनीवर सुमारे ७ चौरस सेंटिमीटर जागा लागते, टपालाच्या तिकिटाएवढी. ३८ पीएसआय हवेला सुमारे १७, म्हणजे काडेपेटीएवढी. एवढ्याच जागेवर सायकल उभी असते, वळते, थांबते. सड्याच्या गोळ्यांवर मला तिकिटापेक्षा काडेपेटी बरी वाटते. आता दमण्याचा प्रश्न. दोन टायरांत हवेचा दाब सारखा ठेवला तर जमिनीवरचा ठसा क्षेत्रफळानं सारखाच राहतो, फक्त आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा भेंडीसारखा लांबुडका, रुंदाचा विड्याच्या पानासारखा आखूड, पसरट. आखूड ठशाला रबर कमी दुमडावं लागतं, म्हणून सारख्या दाबाला रुंद टायरच सुखानं पळतो. आणि खडबडीत रस्त्यावर तर शक्ती जाते ती रबरात नाही, अंगात. चाक उडतं, हाडं-मांस हादरतं, त्या हादऱ्यात आपलीच ताकद मुरते. मऊ टायर तो हादरा आपल्यापर्यंत येऊ देत नाही. शर्यतीच्या सायकलींनीही गेल्या पंधरा-वीस वर्षांत २३ मिलिमीटरवरून २५, २५ वरून २८ आणि त्यापुढं असा प्रवास केला आहे, तो याच कारणानं.

या गोष्टीचा उगम फार जुना आहे. हवेचा टायर मुळात शर्यतीसाठी जन्मलाच नाही. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानं १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचा मुलगा तीनचाकी सायकलवर दगडी रस्त्यांतून फिरायचा, त्याला बसणारे धक्के कमी व्हावेत एवढाच हेतू. रॉबर्ट विल्यम थॉमसननं तर अशी हवेची नळी घोडागाडीच्या चाकाला १८४५ मध्येच सुचवली होती. डनलॉपच्या टायरला पहिल्या नजरेत लोक मऊ म्हणून हसले. १८८९ मध्ये विली ह्यूम हा साधा स्वार त्याच टायरवर बेलफास्टच्या शर्यती जिंकून गेला, आणि १८९१ ची पहिली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शार्ल तेराँनं मिशलँच्या काढता येणाऱ्या हवेच्या टायरवर जिंकली. वाईट रस्त्यासाठी केलेली सोय वेगवान ठरली. मधल्या काळात गुळगुळीत रस्ते आले आणि आपण टायर पुन्हा काठीसारखा कडक केला.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हवा किती भरायची ते कोण सांगणार?” हा प्रश्न रास्त आहे. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त किती ते सांगतो, तुम्हाला किती ते सांगत नाही. फ्रँक बर्टो या अमेरिकी सायकलतज्ज्ञानं घालून दिलेला एक सोपा हिशेब मी वापरते: आपण बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्के दबावी. घरात भिंतीला टेकून सायकलवर बसायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी रिमपासून जमिनीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायला लावायचं. बसायच्या आधी ४० मिलिमीटर असेल तर बसल्यावर ३४ च्या आसपास यायला हवं. माझ्यासाठी तो आकडा डांबरावर मागं ३८ आणि पुढं ३२ असा निघाला. तुमचं वजन वेगळं, सामान वेगळं, म्हणून माझे आकडे उचलू नका, पट्टी लावा. कच्च्या वाटेला लागलं की मी दोन्हीकडे पाच-सहा पीएसआय सोडते. ट्यूब आहे म्हणून त्याहून खाली जात नाही.

पूर्णगडला मुचकुंदीच्या पुलावर थांबले. नदी इथं समुद्राला मिळते आणि पलीकडे गावखडीचं सुरूचं बन लांबवर दिसतं. तिथून पुन्हा चढ. चढाच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध तांबड्या भुकटीचा पट्टा होता. चिऱ्यांचा ट्रक वळताना खडखडतो, तुकडे पडतात, पुढच्या गाड्या ते दळतात. रत्नागिरी-राजापूरच्या किनारी रस्त्यांवर सायकलवाला पडतो तो बहुधा अशा वळणांवर, उताराला. खड्डा दिसतो, खडी दिसते, ही भुकटी मात्र सावलीत दिसत नाही. टायर कितीही चांगला घ्या, त्या पट्ट्यावर सायकल तिरकी करून ब्रेक दाबला तर चाक निसटणारच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि भुकटीवरून सरळ, ब्रेक न दाबता जायचं. कडांच्या गुट्ट्या मी घेतल्या त्या अशा वळणांसाठी आणि नुसत्या मातीच्या उतारांसाठी. त्यांचा उपयोग थोडाच, पण जेव्हा होतो तेव्हा खरा होतो.

नक्षीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पावसात टायर घसरू नये म्हणून मोटारीच्या टायरसारख्या खाचा हव्यात, असं दुकानदारही सांगतात. मोटारीचा टायर रुंद आणि चपटा असतो, त्याच्या खाली पाणी अडकतं आणि वेगात तो पाण्यावर तरंगू लागतो. सायकलचा टायर गोल, अरुंद, पाणी बाजूला सारत जातो. ४० पीएसआय हवेच्या टायरला पाण्यावर तरंगायला ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग लागेल. तेवढा वेग आपला नाही. डांबरावर पकड देतं ते रबर, खाच नाही. आणि कोकणच्या पावसाळ्यात कातळावर जे काळं-हिरवं शेवाळ धरतं त्यावर कुठल्याच टायरची मात्रा चालत नाही. तिथं उतरून चालायचं. पाखाडीच्या पायऱ्यांवर तर अनवाणी माणूसही जपून पाय टाकतो.

कशेळीला कनकादित्याच्या देवळात जाऊन आले. सूर्याचं देऊळ, कोरीव लाकडाचं काम, आणि आत शिरल्यावर अंगावर येणारा गारवा. कशेळीच्या सड्यावर कातळशिल्प आहे. हत्तीची प्रचंड आकृती, आणि तिच्या पोटात कोरलेले इतर कितीतरी प्राणी. असे खोद कोकणच्या सड्यांवर ठिकठिकाणी आहेत. राजापूर तालुक्यात बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ही कातळशिल्पं आली.

रुंद टायर घेतला की कुठूनही जाता येतं, आणि नेमकं म्हणूनच हे सांगायला हवं. सडा रिकामा दिसतो, पण रिकामा नसतो. कातळावरच्या रेषा इंच-दोन इंच खोल, त्यात माती-गोळ्या भरलेल्या. वरून जाणाऱ्याला कळणारही नाही की आपण कशावरून गेलो. जूनमध्ये याच कातळाच्या भेगांतल्या मातीतून दीपकाडी उगवते, पांढऱ्या फुलांची. ती कोकणच्या किनारी सड्यांची रहिवासी आहे, इतरत्र सापडत नाही. तेव्हा पायवाट आहे तिथंच चाक ठेवा. मळलेल्या वाटेच्या बाहेर सायकल घालू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेऊन निघाले तेव्हा ऊन तापलं होतं. पुढं नाट्यापर्यंत रस्ता कधी नवा गुळगुळीत, कधी दुरुस्तीसाठी सुटी खडी टाकून ठेवलेला. या खडीवर जुन्या टायरनं मी पाय टेकत गेले होते. यावेळी बसूनच गेले. पेडल एकसारखं फिरवायचं, हँडल घट्ट आवळायचं नाही, चाकाला स्वतःची वाट शोधू द्यायची. नाट्यात यशवंतगडाच्या तटाखाली सायकल लावली आणि वर गेले. जांभ्याचेच चिरे, त्यांच्या फटींतून झाडांची मुळं घुसलेली, खाली खाडीचं निळसर पाणी, पलीकडे जैतापूरची कौलं. ओळखीच्या घरी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि तळलेला बांगडा जेवले. त्या घरातल्या काकूंनी विचारलं, एवढ्या लांबून एकटीच आलीस? मग रात्री राहायला लावलं.

ट्यूबलेस टायर मी का घेतला नाही, हे कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलानं विचारलं. ट्यूब नसली की चिरडण्याचा प्रश्न मिटतो, हवा आणखी कमी ठेवता येते, आतलं द्रव्य बारीक भोक आपोआप बुजवतं. रोज कच्च्या वाटेवर फिरणाऱ्यानं तो जरूर घ्यावा. पण ते द्रव्य आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, पुन्हा भरावं लागतं. माझी सायकल कधी परीक्षांमुळे महिनाभर भिंतीला टेकून असते. आणि सड्यावर टायर चिरला तर ट्यूब घालून, चिरेच्या आतून जाड कापडाचा तुकडा लावून मी घरी येऊ शकते. माझ्या वापराला ट्यूबच बरी. जाड वालाची ट्यूब घेतली असती तर आणखी सोपं झालं असतं, पण माझ्या रिमचं भोक बारीक वालाचं, साडेसहा मिलिमीटरचं आहे. ते मोठं करून घेतात काही जण. अरुंद रिमला मी तसं करणार नाही. नवी सायकल घेणाऱ्यानं मात्र वाल बघून घ्यावा. कोकणात कुठंही मोटारसायकलचं गॅरेज असतंच.

एक गोष्ट विकत घेण्याआधी मोजा: फ्रेम आणि चिमट्यात टायरच्या दोन्ही बाजूंना निदान चार-पाच मिलिमीटर जागा सुटते का. माझ्या सायकलला ४५ चा टायरही बसला असता, पण कडेला तेवढी जागा उरली नसती. कोकणातली तांबडी माती फार चिकटत नाही. सोलापूर-लातूरकडच्या काळ्या मातीत पावसात निघालात तर दहा फेऱ्यांत चाक जाम होतं. तिकडच्या मंडळींनी टायर एक माप लहान घ्यावा आणि जागा मोठी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळगडच्या सड्यावर गेले, त्याच कच्च्या वाटेनं. वाटेच्या तोंडाशी थांबून हवा सोडली, पुढं २७, मागं ३२. वाळलेलं पिवळं गवत, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या, आणि चारही बाजूंना आभाळ. गोळ्यांवरून चाक जाताना आता खडखड नव्हती, नुसता चुर्र असा आवाज होता. टायर गोळ्यांना ढकलत नव्हता, त्यांना पोटात घेऊन पुढं जात होता. कातळाची ती धार ओळखली. वेग कमी केला, खोगिरावरून जरा उठले, पुढचं चाक गेलं, मागचंही गेलं. कड्यावरून मुसाकाजीचा समुद्र दिसला तिथं उतरले आणि दोन्ही टायर हातानं चाचपले. एक करवंदीचा काटा रबरात मोडून बसला होता, आतल्या पट्ट्यापर्यंत पोचला नव्हता. नखानं काढला.

परत जाताना साखरीनाट्याला चाचांकडे गेले. काम काहीच नव्हतं. बंदरातून येताना मात्र कालवाच्या शिंपीचा एक तुकडा मागच्या टायरला उभा कापून गेला होता, नखाएवढी चीर पडलेली. मासळीच्या बंदरात चाक रस्त्याच्या मधून ठेवावं, कडेला शिंपा आणि काटे असतात, हे त्यांनी सांगितलं. त्यांनी चीर दोन बोटांनी फाकवून बघितली, “दोरा तुटला नाय, चालेल,” म्हणाले. मग अंगठ्यानं टायर दाबून बघितला, एकदा पुढचा, एकदा मागचा. “आता बरा घेतलाव.”

मी पिशवीतून दोन पितळी टोप्या काढून त्यांच्या समोर ठेवल्या. त्यांनी एक स्वतःच्या पंपाला लावून पाहिली आणि दोन्ही ठिगळांच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. तो डबा दुकानात शिरल्यावर उजव्या हाताच्या फळीवर असतो. बारीक वालाची सायकल घेऊन तिकडे अडकलात तर चाचांकडे टोपी मागा, हवा भरा, आणि टोपी परत डब्यात ठेवून जा.